माजिवड्याच्या वाटेवरची साक्ष

माजिवड्याला कुणी जात नाही. सगळे माजिवड्यावरून जातात. मुंबईहून नाशिकला निघालेला, घोडबंदरच्या बाजूने वसईकडे वळणारा, भिवंडीच्या गोदामांतून माल भरून आलेला, प्रत्येकाला येथल्या चौकात क्षणभर थांबावे लागते आणि प्रत्येकजण सिग्नलला बोटे मोडीत पुढे जातो. गाडीच्या काचेतून दिसते ते एवढेच: एकावर एक चढलेले पूल, मेट्रोचे खांब, उंच इमारती आणि त्यांच्यावर फ्लॅटच्या जाहिराती. या गर्दीच्या पाठीशी एक जुने गावठाण आहे आणि चौकाला नाव मिळाले ते त्या गावाचे, हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

दिवाळी अंकातला प्रवासलेख म्हटला की वाचक काश्मीर, केरळ, गेला बाजार युरोपची तरी तयारी करून बसतो. यंदा मात्र ठाण्यापर्यंतचे लोकलचे तिकीट पुरे. फराळाचा डबा घेतलात तर उत्तम. त्याचे काम पुढे पडणार आहे.

माजिवड्याला जायचे ते एका प्रश्नाचे बोट धरून. देवळाच्या गाभाऱ्यात, मशिदीच्या सज्जात, चर्चच्या वेदीपुढे माणूस काय करतो ते आपल्याला ठाऊक असते. पण तो भिंतीबाहेर आला, शेजाऱ्यांत, बाजारात, आगगाडीच्या डब्यात आला, की त्याच्या श्रद्धेचे काय होते? ख्रिस्ती माणसाच्या बाबतीत हा प्रश्न जरा नाजूक आहे. कारण आपल्याला गवसलेले इतरांना सांगावे, अशी त्याच्या धर्माची त्याला आज्ञाच आहे. ‘धर्मप्रचार’ हा शब्द उच्चारला की आपल्या घराघरांत भुवया वर जातात. मराठी ख्रिस्ती बांधव मात्र आपापसांत दुसराच शब्द वापरतात. ते म्हणतात, ‘साक्ष देणे’.

हा शब्द कोर्टकचेरीतला. कोर्टात वकील असतो आणि साक्षीदारही असतो; पण दोघांचे काम एक नव्हे. वकिलाला खटला जिंकायचा असतो. साक्षीदाराने जे पाहिले, जे त्याच्यावर गुदरले, तेवढे सांगायचे आणि घरी जायचे. निकाल त्याच्या हाती नसतो. हा भेद मनात धरून ठेवा. सातशे वर्षांची ठाण्याची ख्रिस्ती कहाणी या एका भेदाभोवती फिरते.

माजिवड्याला पोचण्यापूर्वी तलावपाळीवर थोडे थांबू. ठाणे स्टेशनवर उतरून दहा मिनिटे चालले की मासुंदा तलाव लागतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी याच ठाण्यात येऊन थांबली, हे ठाणेकर कधी विसरत नाहीत आणि कुणाला विसरूही देत नाहीत. तलावाच्या एका अंगाला कोपिनेश्वराचे देऊळ. मराठ्यांच्या अमलात, १७६० च्या सुमारास, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी ते उभारले. दुसऱ्या अंगाला सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च, पोर्तुगीज काळात मूळ धरलेले. थोडे पुढे गेले की बेने इस्रायलांचे १८७९ सालचे सिनेगॉग. संध्याकाळी भेळेची गाडी, होडीत बसायला हट्ट करणारी मुले, घंटेचा नाद आणि प्रार्थनेचा स्वर, सगळे एकाच वाऱ्यावर येते आणि कुणाला त्यात नवल वाटत नाही. शेजार मुरला की असाच होतो.

ख्रिस्ती माणूस येथे पोर्तुगीजांच्या गलबतातून आला, असे आपण शाळेपासून समजत आलो. ते खरे नाही. सहाव्या शतकात कॉसमस नावाच्या ग्रीक व्यापाऱ्याने ‘कॅलियाना’ या बंदरी इराणकडून नेमलेला बिशप असल्याची नोंद केली. हे कॅलियाना म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. आणि चौदाव्या शतकात ओदोरिक नावाचा इटालियन फ्रान्सिस्कन साधू ठाण्याला उतरला, तेव्हा येथे नेस्टोरियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती, असे तो लिहून गेला. वास्को द गामा कालिकतला यायला अजून पावणेदोनशे वर्षे होती. ओदोरिक मोठा गमतीचा प्रवासी. ठाण्याचे उंदीर कुत्र्यांएवढे असल्यामुळे मांजरांचे त्यांच्यापुढे काही चालत नाही, उंदीर धरायला कुत्रेच लागतात, असे त्याने आपल्या वृत्तांतात नोंदवले आहे. ठाण्याच्या जुन्या चाळीत राहिलेला माणूस त्याला खोटे पाडायला धजणार नाही!

पण ओदोरिक ठाण्याला आला होता तो उंदीर पाहायला नव्हे. तो आला होता चार साधूंच्या अस्थी न्यायला.

ही कहाणी १३२१ सालची. तोलेन्तिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री, असे चौघेजण इराणच्या आखातातून जहाजाने निघाले होते. जायचे होते कोल्लमला आणि तेथून चीनला. वाऱ्याने जहाज ठाण्याला आणून सोडले. नेस्टोरियनांच्या पंधरा घरांपैकी एका घराने त्यांना आसरा दिला. त्यांच्याबरोबर जॉर्डन नावाचा डोमिनिकन पंथाचा साधूही होता. तो गुजरातच्या बाजूच्या ख्रिस्ती लोकांना भेटायला पुढे गेला. इकडे ज्या घरी हे चौघे उतरले होते तेथे नवराबायकोचे भांडण झाले. नवऱ्याने हात उगारला. बाई काझीकडे गेली. काझीने विचारले, ‘साक्षीदार कोण?’ बाई म्हणाली, ‘आमच्या घरी परदेशी साधू उतरले आहेत, त्यांनी पाहिले आहे.’

म्हणून साधूंना बोलावणे गेले. बोलावले ते साक्षीला, तेही एका घरातल्या मारहाणीच्या. पण दरबारात गेल्यावर भांडण बाजूला राहिले आणि धर्माचा वाद उभा राहिला. प्रश्नाला प्रश्न, उत्तराला प्रत्युत्तर. शेवटी काझीने पैगंबरांविषयी त्यांचे मत विचारले. थॉमसने आधी टाळले, पुन्हा विचारल्यावर मात्र इतके तिखट उत्तर दिले की सभा पेटली. ओदोरिकचा वृत्तांत एका बाजूचा आहे आणि त्यात चमत्कारही भरपूर आहेत. तरी त्यानेच लिहून ठेवले आहे की ठाण्याच्या मलिकाने साधूंना एकवार सोडून दिले होते, खाडीपलीकडे नेऊन ठेवले होते. पण राग शमला नाही. एप्रिलच्या ९ तारखेला तिघे आणि दोन दिवसांनी चौथा पीटर, असे चौघेही मारले गेले. पुढे दिल्लीच्या सुलतानाने त्या मलिकाला कठोर शासन केले, असेही ओदोरिक सांगतो. जॉर्डनने परतून मित्रांचे देह सोपाऱ्याला पुरले. काही काळाने ओदोरिक आला आणि अस्थी घेऊन समुद्रमार्गे चीनपर्यंत गेला. चीनला जायला निघालेले साधू अखेर चीनला पोचले, ते असे.

ग्रीक भाषेत ‘साक्षीदार’ या अर्थाचा जो शब्द, त्यावरूनच युरोपीय भाषांत ‘हुतात्मा’ या अर्थाचा शब्द आला. श्रद्धेसाठी मरण पत्करणे ही सर्वांत मोठी साक्ष, असा त्यामागचा भाव. चौघांच्या धैर्याला नमस्कारच केला पाहिजे. परंतु ठाण्याच्या तलावाकाठी उभे राहून ही गोष्ट आठवली की वाटते, त्या दिवशी साक्षीदारांना वकील व्हावे लागले नसते तर? त्या मार खाल्लेल्या बाईचे पुढे काय झाले, हे ओदोरिक सांगत नाही. वाद मोठा झाला की ज्याच्यासाठी माणूस बोलायला उठला तेच हरवते. हा धडा काही एकट्या ख्रिस्ती लोकांपुरता नाही.

त्यानंतर दोन शतकांनी पोर्तुगीज आले आणि साक्षीची भाषा बदलली. आता साधूच्या पाठीशी राजसत्ता होती, तोफ होती. मूर्ती भंगल्या, देवळे पडली, गावेच्या गावे बाटवली गेली. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचा वरवंटा फिरला. मराठी मनात ‘ख्रिस्ती धर्मप्रचार’ या शब्दाभोवती जो काटा आहे तो या काळाने रुतवलेला. तो खोटा म्हणण्यात अर्थ नाही. सत्तेने दिलेली साक्ष ही साक्षच नव्हे, तो हुकूम झाला.

पण त्याच सत्तेच्या छायेत वेगळेही एक बीज पडले. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेसुइट १५७९ साली गोव्यात आला आणि आमची भाषा शिकता शिकता तिच्या प्रेमातच पडला. नव्या ख्रिस्ती लोकांनी त्याला म्हटले, पूर्वी आम्ही पुराणे ऐकत होतो, आता आमचे कान रिकामे आहेत. आम्हांला आमच्या भाषेत काही द्या. त्यातून ‘क्रिस्तपुराण’ लिहिले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली रायतूरला, रोमन लिपीत का होईना, पण मराठीत छापला गेला. ज्ञानेश्वर-एकनाथांची ओवी घेऊन ख्रिस्ताची कथा सांगायची, ही कल्पनाच केवढी! पुढे पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी देशी भाषाच दडपायला घेतल्या, तरी स्टीफन्सच्या ओव्या भाविकांच्या तोंडी राहिल्या. कुणी विचारले म्हणून सांगितले आणि विचारणाऱ्याच्या भाषेत सांगितले; साक्षीची ही दुसरी तऱ्हा.

ठाण्यावरचा पोर्तुगीज अंमल १७३७ साली संपला. त्यांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला ठाण्याचा किल्ला पुरा होण्याआधीच मराठ्यांनी घेतला. दोन वर्षांनी चिमाजीअप्पांनी वसई सर केली. वसईच्या तहात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपल्या धर्माप्रमाणे भक्ती करण्याची मोकळीक मान्य केली होती. युरोपीय पाद्री निघून गेले. राहिले ते थोडे देशी धर्मगुरू आणि साष्टीच्या गावोगावची कुणबी, कोळी, आगरी, भंडारी वळणाची ख्रिस्ती कुटुंबे. आता राजा त्यांचा नव्हता. धर्म टिकवायचा तर तो घरात, शेतात आणि गावाच्या चव्हाट्यावर. हेच लोक पुढे, १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेऊन संघटित झाले. नाव इंग्रजी, पण बोली मराठी, लुगडे मराठी, हळद-नारळ-उंबराच्या पाण्याची लग्नाची रीत आपल्याच वळणाची.

आता तलावपाळी सोडायला हरकत नाही. टेंभी नाका, उथळसर, कॅसल मिल नाका, असे करीत रस्ता माजिवड्याकडे जातो. जाताना उजव्या हाताला, जरा आत, ठाण्याचा तोच किल्ला आहे. गेली जवळजवळ दोनशे वर्षे तो तुरुंग म्हणून वापरात आहे. त्रिंबकजी डेंगळे याच किल्ल्यात इंग्रजांच्या कैदेत होते आणि १८१६ साली येथूनच पळाले. ते कसे पळाले, याची गोष्ट लिहून ठेवली आहे ती एका बिशपने. कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हेबर १८२५ साली ठाण्याच्या इंग्रजी चर्चच्या अर्पणविधीसाठी आला होता. त्या वेळी त्याने ती ऐकली. त्रिंबकजींच्या खिडकीखाली एक मोतद्दार रोज घोड्याला खरारा करीत मराठी गाणी म्हणे. पहारेकरी गोरे, त्यांना गाण्यातले अक्षर कळत नव्हते. सुटकेचा सगळा बेत त्या गाण्यातून आत पोचला आणि कैदी बाहेर पडला! बिशपसाहेबांना ही गोष्ट टिपून ठेवावीशी वाटली, यात नवल नाही. भिंत कितीही जाड असो, आपल्या भाषेतले गाणे तिच्या आरपार जाते.

हे मराठी ख्रिस्ती समाजात ज्याला पुरते उमगले तो माणूस म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांची गोष्ट सुरू होते ती चर्चमध्ये नव्हे, आगगाडीच्या डब्यात. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना समोर बसलेल्या एका गोऱ्या प्रवाशाशी कवितेवर गप्पा निघाल्या. उतरताना त्याने टिळकांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला आणि तो वाचून पाहा म्हणून सांगितले. तेवढेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंवर त्या दिवशी आभाळ कोसळले. काही वर्षे नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे. मूल पोटाशी धरून त्या माउलीने काय सोसले ते ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या कुणालाही सांगायला नको. श्रद्धा वाटून घेण्याची किंमत कधी कधी घरातल्या दुसऱ्याच माणसाला मोजावी लागते, हे त्या पुस्तकाइतके स्वच्छ कुणी सांगितलेले नाही. आणि विशेष म्हणजे लक्ष्मीबाई पुढे ख्रिस्ती झाल्या त्या नवऱ्याच्या युक्तिवादाने नव्हे, तर आपल्या मनातले सोवळेओवळे एके दिवशी आपोआप गळून पडले म्हणून.

टिळकांनी ख्रिस्ती भजने रचली, कीर्तने केली. टाळ-मृदंग, पूर्वरंग-उत्तररंग, सगळा थाट मराठी कीर्तनाचा आणि कथा येशूची. तुकोबांचे ऋण ते उघडपणे मान्य करीत. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्याला आणि न घेतलेल्यालाही त्यात जागा होती. ही भिंत पाडायला ते निघाले आणि दोनच वर्षांत, मे १९१९ मध्ये, गेले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले. टिळकांचे अकरा अध्याय आणि पुढचे चौसष्ट या बाईंचे!

टिळक प्रॉटेस्टंट, माजिवड्याकडची जुनी ख्रिस्ती वस्ती कॅथलिक. पण गाण्याची वाट दोघांची एक. बोलता बोलता माजिवडा आला. येथे फातिमा मातेचे चर्च आहे. फातिमा हे पोर्तुगालमधले एक खेडे. १९१७ साली तेथे मेंढरे राखणाऱ्या तीन मुलांनी उघड्या माळावर मरियमेचे दर्शन झाल्याचे सांगितले. चर्चमध्ये नव्हे, माळावर! त्या नावाचे देऊळ पुन्हा माळावरच्या, आता पुलांखाली गेलेल्या गावात यावे, हा योग मोठा जुळून आला आहे.

परंतु साष्टीच्या या गावांतली खरी बोलकी खूण म्हणजे चर्च नव्हे, गल्लीच्या तोंडाशी, विहिरीजवळ, शेताच्या बांधावर उभा असलेला क्रूस. चौथरा दगडी, वर चुन्याने किंवा रंगाने उजळलेला क्रूस, पुढे पणतीसाठी कोनाडा. यांतले कितीतरी क्रूस १८९६ साली आलेल्या प्लेगच्या वर्षांत उभे राहिले. घरोघर माणसे मरत होती, गावे ओस पडत होती. तेव्हा लोक वेशीवर जमले आणि आपल्या गावाला राख, अशी विनवणी करून त्यांनी तेथे क्रूस रोवला. आपल्याकडे त्याच वर्षांत मरीआईला साकडे घालीत होते. भीती एक, आशा एक. हात जोडण्याची दिशा तेवढी निराळी.

मे महिना मरियमेचा. जुन्या पंचांगाप्रमाणे ३ मे हा पवित्र क्रुसाचा सण. त्या दिवसांत संध्याकाळी क्रुसाला फुलांच्या माळा चढतात, मेणबत्त्या लागतात आणि गल्लीतली माणसे जपमाळ म्हणायला जमतात. म्हाताऱ्या आपापले मोडे घेऊन येतात, पोरे मागे धक्काबुक्की करतात, एखादी आजी जप न मोडता डोळ्यांनीच त्यांना दटावते. प्रार्थनेला पाद्री लागतोच असे नाही. ज्याचा आवाज खणखणीत तो पुढारी. शेवटी उकडलेले चणे वाटतात. हे चणे घेताना कुणी कुणाला धर्म विचारीत नाही. रस्त्याने जाणारा हमाल, समोरच्या दुकानातला पोऱ्या, शेजारच्या आळीतली आगऱ्याची मुले, जो हात पुढे करील त्याच्या ओंजळीत चणे पडतात. ऑक्टोबरात ‘आगेरा’ येतो. शेतातल्या नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणून त्यांवर आशीर्वाद घेतात. आपण दसऱ्याला दाराला लोंब्या बांधतो, त्याच्याच जवळपासची ही तिथी. आता शेते गेली, लोंब्या दुसरीकडून आणाव्या लागतात. पण सण चुकत नाही.

आणि मग तुमचा फराळाचा डबा! दिवाळीला शेजारच्या ख्रिस्ती घरी करंज्या जातात. नाताळात त्या घरून नेवऱ्या येतात. ‘काकू, करंजी म्हणा की नेवरी म्हणा, सारण तुमच्याआमच्याकडे नारळाचंच!’ असे म्हणत ताट हाती देतात आणि ते ताट इकडूनही रिकामे जात नाही. डिसेंबरच्या थंडीत गिटार-ढोलकी घेऊन नाताळची गाणी म्हणत टोळकी दारोदार फिरतात. घरासमोर गवत, माती, कागदाचे डोंगर करून गाईचा गोठा मांडतात आणि आळीतली सगळी मुले, आपला कालचा दिवाळीचा किल्ला आठवून, त्यातल्या मेंढरांची जागा ठरवायला धावतात. ही साक्ष नव्हे तर काय? तीत एकही युक्तिवाद नाही.

असे लिहिताना लेखणी गोड होते आणि मन म्हणते, हे सगळे असेच राहील का? प्रश्न दोन्ही बाजूंनी उभा आहे.

एक तर क्रूसच राहतील की नाही, ही धास्ती. सार्वजनिक जागेवर नवी अनधिकृत प्रार्थनास्थळे होऊ देऊ नयेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली दिला. जुन्यांची छाननीही सुरू झाली. नियम सर्वांना सारखा आणि वाजवीही. पण प्लेगच्या वर्षी, रस्ताच नसलेल्या जागी, घाबरलेल्या गावाने उभारलेल्या क्रुसाचा सात-बारा आणायचा कोठून? २०१७ साली बांद्र्याच्या बाजार रोडवरचा एक जुना क्रूस महापालिकेने पाडला, तेव्हा साष्टीतल्या गावठाणागावठाणांत धस्स झाले. ठाणे शहराची वस्ती २०११ च्या खानेसुमारीतच १८ लाखांवर गेली होती. रस्ते रुंद व्हायलाच हवेत. मात्र देऊळ असो, दर्गा असो, क्रूस असो, गावाची आठवण हलवताना गावाला विचारावे, एवढी रीत पाळायला काय हरकत आहे?

दुसरी धास्ती शब्दाची. २०११ च्याच गणतीत महाराष्ट्रात ख्रिस्ती शेकडा १ सुद्धा पुरते नव्हते. तरी ख्रिस्ती माणूस चार माणसांत देवाविषयी बोलू लागला की ‘हा बाटवायला आला’ अशी कुजबूज होते. घटना लिहिताना या गोष्टीचा खल झाला आहे. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ‘प्रसार’ हा शब्द ठेवावा की गाळावा, यावर वाद झाला. आपल्या मुंबईच्या कन्हैयालाल मुनशींनी तो ठेवण्याची बाजू घेतली आणि तो पंचविसाव्या कलमात राहिला. पुढे १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची मर्यादा आखली: आपल्या धर्माची तत्त्वे सांगण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा मूलभूत हक्क नाही. न्यायाधीशांनी कायद्याच्या भाषेत सांगितले, ते आपण मघापासून बोलत आहोत त्यापासून फार लांब नाही. साक्ष द्या, निकाल आपल्या हातात घेऊ नका.

काहीजण म्हणतात, बोलायचेच कशाला? गुलाब दरवळतो, व्याख्यान देत नाही. उपमा सुंदर आहे. पण गुलाबाला जीभ नाही आणि माणसाला आहे. ज्या गोष्टीने माणसाचे आयुष्य उजळले तिच्याविषयी त्याने शेजाऱ्याकडे तोंड मिटून बसावे, हा शेजारधर्म कसला? वारकरी पंढरीची वाट सांगतो, ती काय आपल्याला बाटवायला? आमिष दाखवून, अडल्यानडल्याला गाठून धर्म गळी उतरवणे हा गुन्हाच. पण मोकळेपणाने सांगणे आणि मोकळेपणाने नाकारणे, ही दोन्ही सुसंस्कृत घराची लक्षणे आहेत. चहा विचारावा आणि ‘नको’ म्हटले तर रागावू नये.

याचे उत्तम उदाहरण खाडीपलीकडे वसईत होऊन गेले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे कॅथलिक धर्मगुरू. ‘सुवार्ता’ मासिकाचे अनेक वर्षे संपादक. वसईचे हिरवे पट्टे बिल्डरांच्या आणि गुंडांच्या घशात जाऊ लागले तेव्हा ते झगा सावरून रस्त्यावर उतरले आणि ‘हरित वसई’च्या लढ्यात सर्व धर्मांची माणसे त्यांच्यामागे चालली. ‘सुबोध बायबल’ लिहिणारा हाच माणूस ज्ञानोबा-तुकोबांवर तितक्याच प्रेमाने बोले. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला, आताच्या धाराशिवला, भरलेल्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. एका धर्मगुरूला हे पद कसे, म्हणून काहींनी विरोध केला. प्रकृती साथ देत नसतानाही ते गेले आणि मायमराठीसाठी, माणसाच्या स्वातंत्र्यासाठी निर्भयपणे बोलले. जुलै २०२४ मध्ये ते निवर्तले तेव्हा वसईकरांनी धर्म न पाहता अश्रू ढाळले. त्यांनी किती जणांना ख्रिस्ती केले, असा हिशेब कुणी मांडला नाही. एका ख्रिस्ती माणसाची श्रद्धा भिंतीबाहेर येऊन विहिरी, झाडे आणि शब्द राखते, हे मात्र साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

चौदाव्या शतकातल्या त्या पंधरा घरांनी वाट चुकलेल्या चार परक्यांना आसरा दिला होता. त्या घरांची नावे इतिहासाने ठेवली नाहीत. त्यांनी वाद घातला नाही, ग्रंथ लिहिला नाही. दार मात्र उघडले. आज माजिवड्यात चाळिसाव्या मजल्यावर दार लावून घेतलेली माणसे राहतात. शेजारी कोण, हे पाटीवरून कळते. श्रद्धा कुणाचीही असो, ती वाटायची म्हटली तर आधी शेजार हवा. तो नसला तर चणे कुणाच्या ओंजळीत घालायचे आणि करंज्यांचे ताट कुणाच्या दारी न्यायचे?

तेव्हा वाचकहो, पुढच्या खेपेला माजिवड्याच्या सिग्नलला गाडी अडली तर नुसती बोटे मोडू नका. सवड असेल तर पुलाखालून गावठाणात शिरा. मे महिन्याची संध्याकाळ असली तर उत्तमच. क्रुसापुढे मेणबत्त्या लागलेल्या दिसतील. कुणी तुम्हांला काही पटवायला येणार नाही. थोडे थांबलात तर ओंजळीत चणे मात्र पडतील. ते गरम असतानाच खावेत.